श्रावणबाळची पगार काढायची तर आधी आधार अन् खातं बघा

आपल्याकडं श्रावणबाळ म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सरकारकडून दर महिन्याला मिळणारी पेन्शन, श्रावणबाळ म्हणा की निराधार म्हणा, गावात सगळे त्याला पगारच म्हणतात, अन् बँकेच्या पायरीवर म्हातारे माणसं "आमची पगार आली का" विचारत बसलेले असतात ते बघवत नाही. खूप जणांची फाईल मंजूर असती पण पैसा आधार अन् खात्याच्या घोळात अडकतो, म्हणून तहसीलला जायच्या आधीच हे बघून घ्या.

कोणाला मिळती? वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, अन् महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास. महिन्याला १५०० रुपये. २१ हजाराची अट लईच कमी आहे, मजुरीवर जगणारं घरसुद्धा त्यात बसत नाही, ही अट वाढायलाच पाहिजे. ६५ च्या आतल्या विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार आहे, दोन्ही सोबत मिळत नाहीत. अन् घरात लाडकी बहीण घेणारी बाई असेल तर ते ६५ ला बंद होतं, पुढं श्रावणबाळ आपोआप चालू होत नाही, नवा अर्ज करावा लागतो.

आता आधार. आपल्या जुन्या लोकांच्या आधारवर जन्मतारीख बहुतेक १ जानेवारी अन् साल अंदाजे टाकलेलं, आज्जी सत्तरीची अन् कार्डावर ६१. शाळेचा दाखला नसला तर घाबरू नका, पगारीच्या अर्जाला ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला चालतो. पण आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येती म्हणून पुरावा हातात घेऊनच आधार केंद्रात जा, नुसतं तोंडी सांगून काहीही टाकू देऊ नका.

मग खातं. एक जनधनचं, एक जिल्हा बँकेचं, एक पोस्टाचं असे तीन पासबुक पिशवीत असतात अन् अर्जात कोणतंही लिहिलं तरी डीबीटीचा (सरकारकडून थेट खात्यात येणारा) पैसा आधारला जे खातं शेवटी जोडलंय त्यातच पडतो. कित्येक आज्ज्या एका बँकेत चकरा मारायल्यात अन् पगार दुसरीकडंच जमा व्हायलीय. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस (आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते) बघा, बँकेचं नाव तिथं दिसतं, त्याला ओटीपी लागतो म्हणून आधारला मोबाईल नंबर घरातल्याच माणसाचा टाका, पुण्याला कंपनीत असलेल्या पोराचा टाकला तर दर वेळी फोन लावत बसावं लागतं. दारिद्र्यरेषेतल्यांचे २०० (वय ८० झाल्यावर ५००) केंद्राकडून अन् बाकीचे राज्याकडून येतात, म्हणून वेगवेगळ्या एंट्र्या दिसल्या तर पगार कापली असं समजू नका.

अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून भरा, सोबत आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, पासबुकाची झेरॉक्स, फोटो. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मंजुरी तालुक्याची समिती देती, "मी करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

बीडकडं आयुष्यभर ऊस तोडलेल्या लोकांच्या बोटावर रेषाच राहत नाहीत, मशीनवर अंगठा येतच नाही, मग दहाही बोटं लावून बघा, तरी नाही आलं तर डोळ्याचा नाहीतर चेहऱ्याचा स्कॅन मागा. बँक मित्राकडून (गावात मशीनवर पैसे काढून देणारा बँकेचा माणूस) पैसे काढताना दर वेळी पावती घ्या, "अंगठा आला नाही, परत लावा" म्हणला तर आधी खात्यातून पैसे गेले का ते विचारा.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो, नाहीतर चालू पगार बंद पडती. पोरं कारखान्याला तोडीवर जाणार असतील तर तारीख तलाठ्याला आधीच विचारून ठेवा, म्हणजे म्हातारं माणूस एकटं तालुक्याला जायला नको.

एसटीत ७५ च्या पुढं फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, अन् ७० च्या पुढं आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखापर्यंत उपचार, त्याला उत्पन्नाची अट नाही. काही अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फोन फ्री आहे.