रेव्हिटमध्ये ऑटोकॅडचं ड्रॉइंग लिंक करताना

रेव्हिट हे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, ऑटोकॅड हे नकाशे काढायचं. रेव्हिटमध्ये ऑटोकॅडचं ड्रॉइंग इम्पोर्ट करू नका, लिंक करा. मूळ फाइल बदलली की मॅनेज लिंक्समधून रीलोड करता येतं. इम्पोर्ट केलेलं तसंच जुनं राहतं.

आधी ऑटोकॅडमध्ये साफसफाई: ऑडिट (फाइलमधल्या चुका दुरुस्त करणं), ओव्हरकिल (एकावर एक पडलेल्या रेषा काढणं), पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणं). मग इन्सयुनिट्स, म्हणजे ड्रॉइंगचं एकक ठरवणारी सेटिंग, तपासा. मिलिमीटरला 4, इंचाला 1, मीटरला 6. इथेच सर्वाधिक घोळ होतो. इंचात काढलेल्या ड्रॉइंगवर 4 असेल, तर रेव्हिटमध्ये 9 इंची भिंत 9 मिलिमीटरची दिसते. म्हणून लिंक केल्यावर लगेच एखादी ओळखीची 9 इंची भिंत मोजा. 230 मिलिमीटरच्या आसपास आकडा यायला हवा.

इन्सर्ट टॅबमधून लिंक कॅड निवडा. मजल्याच्या नकाशाला 'करंट व्ह्यू ओन्ली'वर खूण करा, नाहीतर तो प्रत्येक व्ह्यूमध्ये डोकावतो. सर्व्हेच्या कंटूरला (जमिनीच्या समान उंचीच्या रेषांना) मात्र ही खूण नको, कारण त्यावरून जमिनीचा पृष्ठभाग करायचा असतो.

सर्व्हे ड्रॉइंग बहुधा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या निर्देशांक पद्धतीत, असतं. पुण्याच्या साइटचा उत्तरेचा आकडा 20 लाख मीटरच्या पुढे जातो, आणि रेव्हिटची मर्यादा अंतर्गत मूळबिंदूपासून (मॉडेलच्या शून्य बिंदूपासून) 16 किलोमीटर. त्यामुळे 'ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन' इथे टाळा. 'सेंटर टू सेंटर'ने ठेवा, योग्य जागी सरकवून फिरवा, मग ॲक्वायर कोऑर्डिनेट्स वापरा, म्हणजे रेव्हिट सर्व्हेचे निर्देशांक घेतं. दूर कुठेतरी पडलेला एखादा चुकार बिंदूही केंद्र भलतीकडे नेतो. तो आधीच पुसा.

शेवटी लिंक पिन करा, म्हणजे ती चुकून सरकणार नाही.