इंटरप्टमध्ये झोपणारा ड्रायव्हर

म्हापशातल्या आमच्या ऑफिसात एका सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर तपासायला आला. बोर्ड मधूनच गोठायचा. सगळ्यांचा संशय वायरिंगवर (गोव्याच्या पावसात तो सोपाच). कोडमध्ये मात्र इंटरप्ट हँडलरमधूनच (हार्डवेअरने हाक मारली की लगेच चालणारा कोड) आयटूसीवर (चिप्स जोडणारी दोन तारांची बस) सेन्सरचं रजिस्टर वाचलं जात होतं. आयटूसीचं काम झोपू शकतं, म्हणजे उत्तराची वाट बघत थांबू शकतं, आणि हार्ड इंटरप्टमध्ये झोपायला मुभाच नाही. कर्नलचा (लिनक्सचा गाभा) अ‍ॅटॉमिक स्लीप डीबग पर्याय (मनाईच्या जागी झोपणारा कोड पकडणारा) चालू केला, लॉगने लगेच तक्रार केली. वाचन थ्रेडेड हँडलरमध्ये, म्हणजे झोपायला मुभा असलेल्या वेगळ्या थ्रेडमध्ये, हलवायला सांगितलं. ही सोय २००९ च्या कर्नल २.६.३० पासून आहे. सोबत वनशॉट फ्लॅग हवाच, विशेषतः लेव्हल ट्रिगरला (सिग्नल टिकून असेपर्यंत इंटरप्ट येतच राहतो): थ्रेड संपेपर्यंत इंटरप्टची लाइन बंद राहते, एरवी इंटरप्टचा नुसता भडिमार. गोठणं थांबलं. तरी पॅच (कोडमधला बदल) परत पाठवला, आयटूसीचा एरर कोड कुणी तपासतच नव्हतं.