लॅब उघडण्याआधी: ‘आय ॲग्री’ कोणी दाबायचं?

जूनच्या मध्यात लेकरं लॅबच्या दारात येऊन उभी राहतात. त्याआधीचे आठ दिवस आपले, आणि इकडं परभणी-हिंगोलीच्या खेड्यात त्यातले निम्मे लाइटची वाट बघण्यात जातात. म्हणून कागदाचं काम आधी उरका. डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, कॉम्प्युटरची नोंद असते, आतल्या प्रोग्रामची नसते. एक दोनशे पानी वही घ्या. मशीनचा नंबर, प्रोग्राम, आवृत्ती, परवाना कसला, मान्य कोणी केला, तारीख, एवढे रकाने आखा.

मग मुख्याध्यापकांकडं जा. प्रोग्राम बसवताना परवान्याच्या अटींची खिडकी येते, तिथं ‘आय ॲग्री’ (मला मान्य) दाबणं म्हणजे सही करणंच. आयटी कायद्याचं कलम १०-अ ऑनलाइन करारालाही करारच मानतं. कॉम्प्युटर शाळेचा, तर सहीही शाळेच्या वतीनं, अधिकार दिलेल्या माणसानंच करायची. एका शिक्षकाच्या नावानं चार ओळींचं पत्र घ्या. तोंडी ‘करा की सर’वर जाऊ नका. साहेबांची बदली झाली की ते बोलणंही त्यांच्यासोबत जातं.

आमच्याकडं एकदा बटण दाबलं ते आठवीतल्या पोरानं. त्याला टायपिंग करायचं होतं, मधे खिडकी आली, त्यानं ती घालवली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सज्ञान असल्याशिवाय करार करता येत नाही, आणि सज्ञान म्हणजे १८ पूर्ण. म्हणजे पोरगं बांधलं गेलं नाही, आणि शाळेनं मान्य केलं म्हणावं तर तेही नाही. तेव्हापासून प्रोग्राम बसवला की लेकरांच्या खात्यातून एकदा उघडून बघतो. काही प्रोग्राम बसताना गप्प असतात, पहिल्यांदा उघडल्यावर विचारतात, तेही प्रत्येक खात्याला वेगळं. लेकरांचं खातं स्टँडर्डच ठेवा, म्हणजे ॲडमिनचे अधिकार नसलेलं. ॲडमिनचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका (बघितलंय, म्हणून सांगतोय).

दुरुस्तीवाला पेनड्राइव्ह काढून ‘सर, सगळं टाकून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजा, बटण दाबू देऊ नका. क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत असेल तर पेनड्राइव्ह परत खिशात. चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब मध्ये ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड लिहिलाय.

‘फ्री’ दिसलं की थांबा. दुरून दुसरा कॉम्प्युटर चालवायचा टीमव्ह्यूअर फुकट आहे ते घरगुती वापरापुरतं. लिब्रेऑफिस, व्हीएलसीची चिंता नाही. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत तर सरळ लिहिलंय, प्रोग्राम नुसता चालवायला परवाना मान्य करायची गरजच नाही; बदलून किंवा पुढं वाटायचा असेल तरच अटी लागू.

वीस मशीनवर कमांडनं एकदम बसवणार असाल तर आधी एका मशीनवर हातानं बसवून अटी वाचा. कमांडमध्ये ‘मान्य’ आपणच टाइप केलेलं असतं, खिडकी येतच नाही. वहीत मात्र वीस ओळी भरायच्या, आणि अटींचा मजकूर त्याच दिवशी सेव्ह करून ठेवायचा, कारण नव्या आवृत्तीत तो बदललेला असू शकतो.