फोनला लॉक आहे, मग काय टेन्शन? या चुका टाळा

"अरे, एफबीआयला पण आयफोन उघडता आला नाही, आपला कोण उघडणार?" हे वाक्य म्हापशाला मोबाईलच्या दुकानात उभं राहिलं की हमखास ऐकायला मिळतं, आणि ते अर्धवट आहे. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला गोळीबारात १४ माणसं मेली, हल्लेखोराचा आयफोन ५सी पोलिसांच्या हाती लागला, २०१६ च्या फेब्रुवारीत कोर्टाने ॲपलला मदत करायला सांगितलं, ॲपल नको म्हणाली, इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पुढचं कोणी सांगत नाही. मार्चमध्ये एफबीआयने बाहेरच्या पार्टीकडून तो फोन उघडून घेतला आणि ॲपलवरची केस सोडून दिली. त्या फोनला चार आकडी कोड होता आणि ५एस पासून जी वेगळी सिक्युरिटी चिप येते ती त्यात नव्हती.

म्हंजे एन्क्रिप्शनचं, डेटा कुलूपबंद करायचं, गणित कोणी सोडवत बसत नाही. तुमचा आकडा शोधतात, नाहीतर तुम्ही उघडी ठेवलेली दुसरी जागा शोधतात. पोलीस असो, चोर असो, नाहीतर घरातलंच पोर असो, पद्धत तीच.

चार आकडी पिन

चार आकड्यांचे एकूण पर्याय १०,०००. सहाचे १० लाख. आकडा चुकला की फोन थांबायला लावतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तपास यंत्रणांकडे सेलेब्राइट, ग्रेकी असली जी मशीनं असतात ती फोनमधली एखादी त्रुटी वापरून ते थांबणंच टाळायला बघतात. मग उरतो फक्त एकेक आकडा तपासायला लागणारा वेळ. आयफोनमध्ये तो एका प्रयत्नाला साधारण ८० मिलिसेकंद असा मुद्दाम ठेवलाय. आता हिशेब करा: चार आकडी कोड जास्तीत जास्त १३-१४ मिनिटांतच संपतो, सहा आकडी साधारण एका दिवसात, आणि सहा जागांचा पण छोटी अक्षरं आणि आकडे मिसळलेला पासवर्ड असेल तर सगळे पर्याय तपासायला साडेपाच वर्षं. डेटा उघडायची किल्ली फोनच्या चिपमध्ये कोरलेल्या नंबराशी जोडलेली असते म्हणून मेमरी बाहेर काढून हजार कॉम्प्युटरवर लावली असं करता येत नाही, प्रयत्न त्याच फोनवर करावे लागतात, सगळी ताकद त्यात आहे. आणि तरी आपण जन्मसाल ठेवतो. नाहीतर १२३४. स्क्रीनवर बोटाच्या तेलाने 'एल' उमटलेला पॅटर्न तर पावसाळ्यात लांबूनच दिसतो.

दुसरं म्हंजे अपडेट. "अपडेट मारला की स्क्रीनवर हिरवी रेघ येते" या भीतीने लोक दोन दोन वर्षं अपडेट करत नाहीत. रेघेची भीती समजते, काहींना आलीय, पण ही मशीनं ज्या त्रुटीतून आत शिरतात त्या बुजवायचं काम अपडेटच करतो. हिरव्या रेघेला घाबरून दार मोकळं ठेवायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.

रीस्टार्टनंतर फोन "बिघडला"

ही तक्रार मला फार आवडते कारण यात बिघाड काहीच नसतो. फोन बंद करून चालू केला, बायकोचा फोन आला तर नाव नाही, नुसता नंबर. व्हॉट्सॲप वाजत नाही. बोट लावलं तर घेत नाही, पिनच मागतोय. लोक फोन घेऊन दुकानात धावतात.

झालेलं असतं असं की बंद करून चालू केलेल्या फोनमध्ये, पहिल्यांदा पिन घालेपर्यंत तुमच्या डेटाच्या किल्ल्या तयारच झालेल्या नसतात. कॉन्टॅक्ट कुलूपबंद, म्हणून नाव कुठून दाखवणार? पिन घाला, सगळं जागेवर येतं. पण एकदा उघडलेला फोन नंतर नुसता स्क्रीन लॉक करून खिशात ठेवला तर बऱ्याचशा किल्ल्या मेमरीत जाग्याच राहतात, आणि फॉरेन्सिकवाल्यांना हीच अवस्था हवी असते. म्हणूनच जप्त केलेला चालू फोन पुष्कळदा बंद न करता, सिग्नल न पोचणाऱ्या पिशवीत घालून, चार्जिंगवर ठेवून लॅबला नेतात. यावर उपाय म्हणून ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८.१ पासून असं केलं की तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो, गुगलनेही २०२५ मध्ये अँड्रॉइडसाठी तशीच सोय आणली.

आमच्याकडे याची एक गंमत होते. घरात कोणीतरी तारवटी, म्हंजे जहाजावर काम करणारा, असतो, बोटीवर जाताना जुना फोन कपाटात चार्जरला लावून जातो, "घरी बोटाने उघडा" म्हणून आईचं बोटही घालून ठेवतो. चार दिवसांनी फोन आईला ओळखत नाही. आई म्हणते फोन गेला. गेला नाही हो, पिन कोणालातरी सांगून जायला हवा होता. जास्त दिवस बोटाने उघडत राहिलं तरीही अँड्रॉइड साधारण ७२ तासांनी एकदा पिन मागतोच, ते पण मुद्दामच.

बोट आणि पिन एकच समजणं

इथे जरा कायद्यात शिरावं लागेल. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी काथी कालू ओघड केसमध्ये सांगितलं की बोटाचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हंजे साक्ष नाही. २०१० मध्ये सेल्वी केसमध्ये नार्को टेस्टची सक्ती चालणार नाही असं सांगितलं कारण ते डोक्यातलं काढून घेणं झालं. आता पिन कुठे? डोक्यात. अंगठा? हातात. सगळा वाद इथूनच निघतो. २०२१ ला वीरेंद्र खन्ना प्रकरणात कर्नाटक हायकोर्ट म्हणालं की पासवर्ड सांगणं ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, पण मूळ मार्ग सर्च वॉरंटचा. २०२२ मध्ये दिल्लीच्या सीबीआय विशेष कोर्टाने उलट सांगितलं, आरोपीकडून पासवर्ड जबरदस्तीने घेता येणार नाही, बोट वा चेहरा मात्र वापरता येईल. गोव्याला लागू होतो मुंबई हायकोर्टाचा निवाडा, ज्याचं खंडपीठ पर्वरीला बसतं. कर्नाटक काय आणि दिल्ली काय, इथे वकील दाखला म्हणून दाखवतील, बंधन म्हणून नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारं "पिन सांगायचाच नाही, कायदा आपल्या बाजूने आहे" आणि "पोलिसांनी मागितला की द्यावाच लागतो" ही दोन्ही वाक्यं सारखीच अर्धवट. वकिलाला फोन लावा, मग बोला.

तिसरी भानगड आयटी कायद्याच्या कलम ६९ ची. डिक्रिप्शनला, म्हंजे कुलूपबंद डेटा उघडायला, मदत केली नाही तर सात वर्षं, असं सांगून घाबरवतात. शिक्षा तेवढी आहे, खरं. पण तो हुकूम २००९ च्या नियमांप्रमाणे एरवी गृहसचिवांच्या पातळीवरून निघतो, नाक्यावर बाईक अडवणाऱ्या शिपायाच्या तोंडून नाही.

मागच्या वाटा

यावर लोक सगळ्यात कमी बोलतात आणि नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं.

व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हंजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणाला वाचता येत नाहीत, छान. पण रात्री दोन वाजता जो बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, तो तुम्ही वेगळा एन्क्रिप्ट केला नसेल तर त्या संरक्षणाच्या बाहेर असतो. ही सोय २०२१ च्या ऑक्टोबरपासून आहे, सेटिंगमध्ये चॅट बॅकअपच्या आत. आयक्लाउडचंही तसंच, ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन स्वतः चालू केलं नसेल तर बॅकअपची किल्ली ॲपलकडे असते आणि कायदेशीर मागणी आली की ॲपल त्यातून डेटा देऊ शकते. फक्त एक लक्षात घ्या, हे चालू केल्यावर मिळणारी किल्ली किंवा पासवर्ड हरवलात तर कंपनीसुद्धा परत देऊ शकत नाही. कागदावर लिहा आणि कागद फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, हो, ठेवतात.

मेमरी कार्ड: बहुतेक फोनमध्ये ते एन्क्रिप्ट होत नाही. काढलं, रीडरला लावलं, सगळ्या लग्नांचे फोटो समोर.

सिम: फोन उघडत नसेल तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. सिमला पिन लावा. पण आधी कंपनीकडून चालू पिन विचारून घ्या, अंदाजाने मारू नका, तीनदा चुकलं की पीयूके (सिम उघडायचा कंपनीचा कोड) मागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसतोय तोही बंद करा, नाहीतर फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो.

आणि फोन चोरीला गेल्यावर दोन दिवसांनी "तुमचा आयफोन सापडला, इथे कोड टाका" असा मेसेज येतो. कोड टाकू नका. चोराला फोन उघडत नाहीये म्हणूनच तो तुम्हाला विचारतोय! हरवलेला फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) देऊन ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० ला लगेच फोन करा. आयएमईआय आजच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून कुठेतरी लिहून ठेवा.

"डेटा ठेवून लॉक तोडतो" म्हणणारा

पिन विसरलात आणि कोणी म्हणालं हजार रुपयांत उघडून देतो, फोटो तसेच राहतील, तर नव्या फोनच्या बाबतीत बहुतेक वेळा तो रीसेट मारणार असतो. रीसेट म्हंजे किल्ल्या पुसल्या, फोटो गेले. वर फोन जुना गुगल आयडी मागतो आणि तो पासवर्ड तर त्याहून आधी विसरलेला असतो. आयफोनचा कोड नुकताच बदलला असेल तर आयओएस १७ पासून ७२ तास जुना कोड चालतो, घाईत पुसून टाकू नका. पाण्यात पडून बोर्ड मेला तर मेमरी चिप काढून वाचता येईल हीपण जुनी गोष्ट, आता तोच बोर्ड जिवंत करावा लागतो.

पोलिसांनी फोन घेतला तर

रस्त्यावर "जरा व्हॉट्सॲप दाखव" म्हणणं आणि तपासात फोन जप्त करणं वेगवेगळं आहे. पहिल्यात तुम्ही स्वतः उघडून हातात दिलात तर ती तुमची संमती झाली. हुज्जत घालू नका, "साहेब, कुठल्या केसमध्ये, कुठल्या कलमाखाली?" एवढं नम्रपणे विचारा. जप्ती असेल तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात आयएमईआय, सिम, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, सील केला की नाही, हे लिहिलंय का वाचा, मगच सही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, तेही विचारायला हरकत नाही. डेटाची कॉपी काढली तर तिची हॅश व्हॅल्यू, म्हंजे त्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा, नोंदली का बघा, नंतर कोणी काही घातलं-काढलं का ते त्यावरूनच कळतं.

नोटीस आल्यावर फोन रीसेट करणं किंवा जप्तीनंतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून रिमोट वाइप मारणं (लांबूनच फोन पुसणं) ही सगळ्यात महाग चूक. मूळ प्रकरणात तुमचं काही नसलं तरी पुरावा म्हणून लागणारा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट केल्याबद्दल बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता) कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चोरीला गेलेला फोन पुसा, जप्त झालेला नाही.

फोन परत हवा असेल तर पोलीस स्टेशनला चकरा मारत बसू नका, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. जप्त वस्तू ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत असं सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई देसाई केसमध्ये २००२ मध्येच सांगितलंय. सोबत बिल आणि आयएमईआय जोडा. मिळाल्यावर बाँडवरच्या अटी नीट वाचा, फोन विकायचा नाही, आतलं काही बदलायचं नाही, मागितला की हजर करायचा असं त्यात लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर केस संपेपर्यंत तो बाजूला ठेवा आणि बँक, ईमेल, व्हॉट्सॲपचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.