बर्फाची अक्षरं काढताय? मग या चुका टाळा

मार्च लागला की सोलापुरात फ्लेक्सच्या दुकानांत एकच मागणी सुरू होते. रसवंती, आइस्क्रीम पार्लर, कोल्ड्रिंक हाउस, कूलरचा सेल, प्रत्येकाला ‘थंडगार’ हा शब्द बर्फाच्या अक्षरांत हवा असतो. पारा चाळिशी ओलांडेपर्यंत सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत अशी कितीतरी अक्षरं टांगलेली दिसतात आणि त्यातली बहुतेक बर्फाची वाटतच नाहीत. कुठं निळं प्लास्टिक वाटतं, कुठं काच, कुठं स्टील. माझ्याकडे शिकायला येणारी पोरंही दरवर्षी त्याच चुका करतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. मी फोटोशॉप धरून बोलतोय, पण गिम्प किंवा फोटोपी वापरत असाल तरी तत्त्व हेच लागू आहे, बटणं आणि फाइलींचे प्रकार तेवढे वेगळे.

निळ्यापासून सुरुवात करू नका

बर्फ म्हटलं की पोरांचा हात थेट निळ्या रंगावर जातो. ‘सर, बर्फ निळाच असतोय की!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी काहीच बोलत नाही, ग्लासात एक खडा टाकून समोर ठेवतो. त्या खड्याला रंग नसतो. बर्फ तांबडा प्रकाश शोषतो हे खरं, पण अगदी किंचित. निळी झाक डोळ्याला दिसायला काही मीटर जाडीचा बर्फ लागतो. हिमनदीच्या भेगेतला बर्फ निळा दिसतो तो त्यामुळे. रसाच्या ग्लासात हिमनदी नसते.

मागे विजापूर रोडच्या एका रसवंतीचा बोर्ड माझ्याकडून शिकून गेलेल्या एका पोरानं केला. 12 बाय 8 फुटांचा. अक्षरं आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या तांबड्या-हिरव्या-निळ्या उजेडाच्या रंगांत, शुद्ध निळी, बाहेरून निळाच ग्लो. स्क्रीनवर डोळे दिपत होते. गिऱ्हाइकानं मोबाइलवर बघून ‘ओके’ केलं, रात्री छापून सकाळी बोर्ड चढला. दुपारी पोरगा माझ्या दुकानात. ‘सर, मशीन खराब हाय त्यांचं, जांभळं छापलंय.’ मशीनला काहीही झालेलं नव्हतं. फ्लेक्सचं मशीन सीएमवायके शाईनं छापतं, म्हणजे सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी. स्क्रीनवरचा 0-0-255 हा निळा त्या शाईत मावतच नाही. फोटोशॉप त्याचं रूपांतर करतं तेव्हा सायनबरोबर मॅजेंटाही सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात जातो, आणि एवढा मॅजेंटा आला की निळ्याचं जांभळं होणारच.

रसवंतीवाल्याचं म्हणणं त्याहून नेमकं होतं. ‘ओ, उसाचा रस इकायलोय का काला खट्टा? आणि निळा बर्फ कशाला दाखवलाय? निळा म्हणजे खायचा नाही.’ माणूस बरोबर बोलत होता. 2018 पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणं अन्न व औषध प्रशासनानं बंधनकारक केलंय, खायचा बर्फ बिनरंगाचाच असतो. म्हणजे खाण्यापिण्याच्या जाहिरातीत गडद निळा बर्फ काढला तर तुम्ही नेमका उलटा निरोप देता. तो बोर्ड परत छापावा लागला आणि त्याचे पैसे त्या पोराच्या खिशातून गेले. चार दिवसांची मजुरी गेली त्याची. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण छापायच्या आधी दोन बटणं दाबली असती तर हे टळलं असतं. कंट्रोल-वाय दाबलं की छापल्यावर रंग साधारण कसा येईल ते दिसतं. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की शाईत न मावणारे भाग राखाडी होऊन समोर येतात. पोरं ही बटणं दाबत नाहीत, कारण दाबल्यावर चित्र फिकं पडतं आणि ते फिकं बघवत नाही. पण गिऱ्हाइकाला शेवटी तेच मिळणार असतं.

माझी सवय सांगतो. बर्फ तयार होईपर्यंत मी त्याला रंगच देत नाही. आकार, मागचं वाकणं, चमक, तडे, सगळं राखाडीत उभं करतो. राखाडीत बर्फ वाटला नाही तर निळ्यानं तो वाटणार नाही. सगळ्यात शेवटी वर एक रंगाचा लेअर (थर) चढवतो, त्यात सायन वीस-पंचवीस टक्के आणि मॅजेंटा दहाच्या आत. एवढ्यात थंडपणा येतो.

मागचं दिसत नाही, दिसलं तर वाकत नाही

दुसरी चूक यापेक्षा मोठी आहे, कारण ती लक्षातच येत नाही. अक्षराची ओपॅसिटी (अपारदर्शकपणा) साठ टक्क्यांवर आणली की पारदर्शक बर्फ झाला, असं पोरांना वाटतं. तसं केलं की रंगीत जिलेटिन पेपर होतो. बर्फातून मागची वस्तू दिसते, पण जागची सरकून, वाकून, कुठं फुगून दिसते.

हे कळायला बर्फाच्या लादीजवळ पाच मिनिटं उभं राहावं. रसवंतीत सकाळी लादी गोणपाटात गुंडाळून येते. गोणपाट बाजूला केलं की कडेचा बर्फ स्वच्छ असतो, त्यातून खालच्या गोणपाटाची वीण दिसते, पण ती सरळ नसते, लाटेसारखी सरकलेली असते. मधला गाभा मात्र पांढरा असतो. पाणी बाहेरून आत गोठत जातं, पाण्यात विरघळलेली हवा आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी बारीक बुडबुड्यांच्या रेघा होऊन अडकते. टोकदार सळईचा घाव बसला की आत तडा जातो. तो तडा एका बाजूनं पांढराशुभ्र चमकतो आणि मान जरा वाकडी केली की दिसेनासा होतो. कडा स्वच्छ, गाभा दुधाळ आणि तडे आरशासारखे, एवढं ध्यानात ठेवलं तर अर्धं काम झालं. पोरं बरोबर उलटं करतात. कडेला पांढरं धुकं आणि मध्ये स्वच्छ.

मागचं वाकवायला फोटोशॉपमध्ये डिस्प्लेस फिल्टर आहे. आधी अक्षराचा करड्या छटांचा नकाशा बनवा. मधला राखाडी म्हणजे 128 जिथं असेल तिथं चित्र जागचं हलत नाही, त्याहून गडद असेल तिथं एका बाजूला सरकतं, फिकट असेल तिथं दुसऱ्या. अक्षराबाहेर सगळीकडे 128 ठेवा, आत मऊ उंचवटे रंगवा, गॉशियन ब्लर देऊन ते धूसर करा, लेअर फ्लॅटन म्हणजे एकत्र करा आणि पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) म्हणून वेगळी फाइल सेव्ह करा. मग मागच्या चित्राची कॉपी घ्या, स्मार्ट ऑब्जेक्ट करा, त्यावर डिस्प्लेस लावा आणि ती कॉपी अक्षराला क्लिप करा, म्हणजे ती अक्षराच्या आतच दिसेल. स्मार्ट ऑब्जेक्ट केलं तर किती सरकवायचं तो डिस्प्लेसचा आकडा नंतर बदलता येतो. हा टप्पा गाळणाऱ्याला मी सगळं पहिल्यापासून करायला लावतो.

इथं काय काय अडतं तेही सांगतो. ‘फाइल घेतच नाही’ असं कोणी म्हटलं तर नकाशा जेपीजीत सेव्ह केलेला असतो. डिस्प्लेसला पीएसडीच लागते. चित्र चरचरीत फाटल्यासारखं झालं तर ब्लर कमी पडलाय. नकाशा आणि अक्षर जुळत नसेल तर दोन्ही फाइलींची मापं पिक्सेलला पिक्सेल सारखी आहेत का ते बघा. आणि फिल्टर लावूनही काहीच झालं नाही असं वाटलं तर मागे नुसता ग्रेडियंट असतो. वाकायला मागे काहीतरी रेघारेघांचं हवं ना! उसाची पेरं, लिंबाची फोड, पुदिन्याचं पान, काहीही ठेवा. म्हणून माझ्याकडे नियम आहे, मागचं चित्र पूर्ण झाल्याशिवाय बर्फाला हात लावायचा नाही. बर्फ सगळा मागच्या चित्रावर आणि उजेडावर उभा असतो.

एक मात्र सांभाळा. आकडा वाढवत नेला की बर्फाची काच होते. बर्फाचा अपवर्तनांक 1.31, नेहमीच्या काचेचा साधारण 1.5. म्हणजे बर्फ काचेपेक्षा कमी वाकवतो. तीन हजार पिक्सेल रुंद फाइलीवर मी पंधरापासून सुरू करतो आणि तिसाच्या पुढं सहसा जात नाही.

ओघळलेल्या बर्फाच्या सुया

विंड फिल्टरनं लोंबणारा बर्फ काढायची युक्ती जुनी आहे. विंड फक्त आडवा वाहतो, म्हणून काळ्यावर पांढरं अक्षर घ्यायचं, कॅनव्हास घड्याळाच्या दिशेनं 90 अंश फिरवायचा, ‘फ्रॉम द राइट’ निवडून फिल्टर द्यायचा आणि कॅनव्हास परत सरळ करायचा. इंग्रजी अक्षरांवर हे चालून जातं. मराठीत नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेघ आहे. तिच्या खालच्या अख्ख्या कडेवरून सुया लोंबतात, ‘ड’ची मान आणि ‘थ’ची गाठ त्यात बुजून जाते आणि ‘थंडगार’चं काहीतरी भलतंच वाचलं जातं. शिवाय विंडच्या रेघा पिक्सेलच्या जाडीच्या असतात. मोठ्या फाइलीत त्या केसासारख्या दिसतात, फ्लेक्सवर तर दिसतही नाहीत.

मी त्या सुया हातानं काढतो. पेन टूलनं तीन-चार वेगवेगळे आकार करून ठेवलेत, मुळाशी रुंद, टोकाशी थेंबाएवढे, आणि अंगावर बारीक वळ्या. खऱ्या सुईवर या वळ्या साधारण सेंटिमीटरभर अंतरानं असतात. काना जिथं संपतो तिथं, ‘र’च्या पायाशी, शिरोरेघेच्या दोन्ही टोकांना अशा मोजक्या जागी त्या लावतो. दोन सुया शेजारी शेजारी सारख्या लांबीच्या दिसल्या की काम घाईत झालंय हे लांबूनच कळतं.

आता बाकीचं भराभर.

बेव्हल अँड एम्बॉसची (अक्षराला उठाव देणाऱ्या इफेक्टची) सावली काळीच ठेवतात, म्हणून बर्फ स्टीलचा दिसतो. सावलीचा रंग मागच्या चित्रातल्या गडद भागातून उचला आणि ओपॅसिटी निम्म्याहून खाली आणा. बेव्हलचा आकार अक्षराच्या जाडीच्या मानानं ठेवा. बारीक फाँटवर मोठा बेव्हल दिला की वेलांटी आणि अनुस्वार आधी जातात. बर्फासाठी जाड, गोल अंगाचाच फाँट घ्या.

एका लेअरचा उजेड डावीकडून, दुसऱ्याचा उजवीकडून असं होऊ देऊ नका. ‘यूज ग्लोबल लाइट’ची खूण सगळीकडे ठेवा, आणि मागे फोटो असेल तर त्यातला सूर्य कुठं आहे ते आधी बघा.

फिल्टर गॅलरी (तयार फिल्टरांची खिडकी) मेनूत ग्रे झाली म्हणून सॉफ्टवेअर परत टाकू नका. फाइल सीएमवायके किंवा 16 बिटमध्ये असेल तर ती उघडत नाही. आरजीबी, 8 बिट करा. आणि त्या गॅलरीतला ग्लास किंवा प्लास्टिक रॅप अख्ख्या अक्षरावर एका दमात मारू नका, सगळीकडे एकसारखा ठसा उठतो.

पूर्ण पांढरा फक्त चमकेच्या ठिपक्यांना ठेवा, बाकी कुठंही नाही. फ्लेक्सवर पांढरा म्हणजे शाई न पडलेलं कोरं कापड. ते सगळीकडे उघडं राहिलं तर चमक उरणारच नाही.

बर्फ कोरडा की ओला ते आधी ठरवा. फ्रीझरमधल्या बर्फावर पांढुरकं गोठलेलं दव धरलेलं असतं, चमक मंद असते. उन्हात ठेवलेला बर्फ ओला असतो, चमक तीक्ष्ण असते आणि खाली पाणी साचतं. सोलापूरच्या मे महिन्याच्या उन्हाचं चित्र मागे लावायचं आणि पुढं खडखडीत दव धरलेला बर्फ, हे डोळ्याला खटकतं. अक्षरांच्या डोक्यावर भुसभुशीत हिम चढवणंही तसंच. हिम वेगळं, बर्फ वेगळा.

थेंब काढताना प्रत्येक थेंबात मागचं चित्र उलटं दिसू द्या. खालचं वर, वरचं खाली. एवढ्यानं थेंब जिवंत होतो.

तयार टेक्श्चर डाउनलोड करण्यापेक्षा स्वतः फोटो काढा. रसवंतीतून वीस रुपयांचा बर्फ आणा, साध्या काळ्या कापडावर ठेवा, एका बाजूनं टॉर्च धरा आणि मोबाइलनं जवळून टिपा. हात चटाचट चालवा, आपल्या हवेत तो थांबत नाही. हा फोटो अक्षरावर स्क्रीन मोडमध्ये ठेवला की काळं निघून जातं, तडे आणि बुडबुडे तेवढे उरतात. माझ्या फोल्डरमधले सगळे तडे असेच गोळा झालेत. एआयकडून अख्खं अक्षर मागणाऱ्यांना एवढंच सांगतो, जोडाक्षर नीट तपासा. ‘गोठलेल्या’ मधला ‘ल्या’ बरोबर आलाय का बघा. मी मशीनकडून एकही अक्षर घेत नाही, अक्षर माझं आणि फाँट माझा.

आणि मोठा बोर्ड असेल तर सगळ्यात अवघड अक्षराचा एक फुटाचा तुकडा आधी छापून घ्या. प्रिंटवाला कुरकुर करेल, पण एका फुटाचे पैसे किरकोळ असतात. तो तुकडा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका. बाहेर भर दुपारी भिंतीला लावा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बघा. तिथून वाचता आलं आणि बर्फ वाटला, तरच पूर्ण फाइल मशीनला पाठवा.