रात्री फ्लॅपवर लक्ष ठेवताना

बाबांचा खालचा जबडा तंबाखूने खाल्ला. पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड कातडीसकट काढून तोंडात बसवलं (हाच फ्लॅप), त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. त्या जोडावर सगळा खेळ. पहिले दोन-तीन दिवस जिकिरीचे.

सिस्टर तासातासाला फ्लॅपची कातडी बघायच्या, त्यांच्याकडून मी शिकले. हात लावणार त्या, आपण फक्त बघायचं. नाइट लॅम्पमध्ये रंग फसवतो, ट्यूब लावा. बाबांची कातडी सावळी. ‘गुलाबी’ शोधत बसू नका, पहिल्या दिवशीचा रंग ध्यानात ठेवा. जांभळी पडून टम्म फुगली, तर रक्त परत जात नाहीये. पांढरट, गार पडली, तर येतच नाहीये. दोन्हींत सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. दुसऱ्या रात्री अडीचला आमची जांभळी झाली. तासाभरात बाबा पुन्हा थिएटरात. गुठळी निघाली, फ्लॅप वाचला.

मानेभोवती काहीही घट्ट नको, गळ्यातल्या श्वासाच्या नळीची पट्टीसुद्धा.

आठवड्याने मानेच्या टाक्यांतून चिकट पाणी आलं, म्हणजे लाळ. लगेच दाखवा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत तोंडाने काही नाही, नाकातल्या नळीनेच. काका ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणत कप घेऊन आले. तो मीच प्यायले.