ढालकिड्यांची लाट आली? पंप उचलण्याआधी पान उलटून पाहा

थंडी ओसरून दुपारचे ऊन तापू लागले की आठ-पंधरा दिवसांत रानाचे चित्र पालटते. परवापर्यंत शोधूनही न सापडणारे लाल-नारिंगी, पाठीवर काळे ठिपके असलेले गोल किडे जिकडेतिकडे दिसू लागतात. गव्हाच्या ओंब्यांवर, मोहरीच्या शेंड्यांवर, बांधावरच्या तणात, परसातल्या गुलाबाच्या कळ्यांवर. मग ठरलेला प्रश्न येतो, "हे काय नवीन आले, आणि यावर काय मारू?"

बहुतेक वेळा उत्तर एकच असते : काहीही नको. पण डोळे मिटून पाळावे असे हे उत्तर नाही. आधी किडा कोणता ते ओळखायचे, मग त्याच्या जोडीला पानावर आणखी कोण आहे ते मोजायचे, आणि मगच ठरवायचे.

हे ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड बीटल. जगात यांच्या सुमारे ६,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मांसाहारी आहेत. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी हा त्यांचा खुराक. ते एका रात्रीत आभाळातून पडत नाहीत, माव्याच्या मागोमाग येतात, आणि येतात ते उशिराने. हा उशीर समजला तर निम्म्या फवारण्या वाचतील.

माव्याच्या मादीला पिले घालायला नराची गरज नसते. ती अंडी घालत बसत नाही, थेट जिवंत पिले टाकते. त्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते, त्यामुळे उबदार हवेत आठ-दहा दिवसांत कालचे पिलू आज आई होते. ढालकिड्याचे गणित संथ आहे. अंडी फुटायला तीन ते पाच दिवस, अळीला दोन-तीन आठवडे, कोषात आठवडाभर. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात, हवा थंड असेल तर त्याहून जास्त. म्हणजे आज रानात लाल लाट दिसते ती जवळपास महिन्यापूर्वी घातलेल्या अंड्यांची. मावा तेव्हापासून वाढत होता आणि बरेचदा लाट नजरेत भरते तेव्हा तो उताराला लागलेला असतो. आपला धीर सुटतो तो याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत, शेंडे चिकट झालेले असतात आणि मित्रकीटक अजून अळीच्या अवस्थेत असतो तेव्हा.

आणि ती अळी आपल्याला ओळखूच येत नाही, ही खरी अडचण. मला स्वतःलाही आली नव्हती. मोहरीच्या शेंड्यावर काळपट, लांबोडकी, सहा पायांवर तुरुतुरु चालणारी, अंगावर नारिंगी डाग असलेली अळी दिसली. दिसायला मगरीच्या पिलासारखी. नवीन कीड समजून मी त्याच संध्याकाळी फवारणी उरकली. दहा दिवसांनी मावा पहिल्याहून दाट झाला आणि ढालकिडा औषधालाही उरला नाही. ती त्याचीच पोरे होती, हे नंतर कळले.

म्हणून पान उलटून निवांत पाहा. भिंग असेल तर उत्तमच. पिवळीधमक, लांबट अंडी पानाला उभी चिकटवल्यासारखी दहा-वीस-तीसच्या झुबक्यात असतात. कोष पानाला शेपटाकडून चिकटलेला असतो आणि काडीने हळूच शिवलात तर झटका देऊन उभा होतो. कोषातून नुकताच निघालेला भुंगेरा फिकट पिवळा आणि बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत त्याचा रंग चढतो आणि ठिपके उमटतात. तेव्हा ठिपके मोजून त्याचे वय सांगणाऱ्याचे ऐकू नका. सात ठिपक्यांचा जन्मभर सात ठिपक्यांचाच राहतो. काही जातींच्या पाठीवर तर ठिपके नसून नागमोडी काळ्या रेषा असतात.

एक फसगत पिठ्या ढेकणाच्या बाबतीत हमखास होते. ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी स्वतःच अंगावर पांढऱ्या मेणाचे धागे वाढवते आणि ढेकणासारखीच दिसते. काडी लावून बघा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी लगबगीने चालू लागते आणि तिच्या अंगावरचे धागे जास्त लांब असतात.

आता उलटी बाजू. ढालकिड्यांच्या कुळात काही पाने खाणारेही आहेत. वांगी, बटाटा आणि वेलवर्गीय भाज्यांवर येणारे एपिलॅक्ना भुंगेरे याच कुळातले. त्यांतल्या एका जातीच्या पाठीवर चांगले २८ ठिपके असतात. ओळखायची खूण ठिपक्यांत शोधू नका, चकाकीत शोधा. मित्र ढालकिडा नुकत्याच पुसलेल्या मण्यासारखा चकचकतो. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे तो मळकट, तांबूस-तपकिरी आणि निस्तेज वाटतो. त्याची अळी फिकट पिवळी असून अंगभर फांद्या फुटलेले काटे असतात. सर्वांत पक्की खूण पानावरच मिळते : हिरवा गर खरवडून खाल्लेला, शिरा शिल्लक आणि पानाची जाळी झालेली. अशी जाळी आणि असा भुंगेरा सोबत दिसला तर तो मित्र नाही. सकाळच्या गारव्यात भुंगेरे सुस्त असतात तेव्हा ते झटकून साबणाच्या पाण्यात टाका, अंड्यांचे झुबके आणि अळ्या असलेली पाने तोडून नष्ट करा. परसबागेत एवढे पुरते. मोठ्या क्षेत्रात प्रादुर्भाव पसरला असेल तर त्या पिकासाठी शिफारस असलेलेच औषध घ्या.

भुरी आलेल्या पानांवर छोटे पिवळे ढालकिडे फिरताना दिसले तर दचकू नका, ते बुरशी खातात. त्यांच्या भरवशावर भुरी जाईल असे मात्र समजू नका.

मोजणी कशी करायची? शेतात नागमोडी फिरून दहा-पंधरा ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन शेंडे पाहा. मावा किती, ढालकिड्याच्या अळ्या आणि भुंगेरे किती, ते वहीत लिहा. फुगलेला, तपकिरी-सोनेरी, कागदासारखा कडक झालेला मावा दिसला तर तो वेगळा मोजा. त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढत होती, तो मेलेलाच आहे. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची आणि सिरफिड माशीची अळीही मावा खाते, म्हणजे आपल्याच बाजूची. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फिरा. मावा थांबला किंवा घटला आणि अळ्या वाढल्या असतील तर पंप खोपटातच राहू द्या. मावा दुपटीने वाढला, अळ्या तुरळक आहेत आणि पीक कोवळे आहे, तर हस्तक्षेप करावा लागेल.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. मावा ज्या पिकात विषाणूजन्य रोग पसरवतो, तिथे ढालकिड्यांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. असे कित्येक विषाणू माव्याने पानात काही क्षण सोंड खुपसली तरी पसरतात आणि ढालकिडा पोहोचेपर्यंत काम झालेले असते. कीटकनाशकही तेवढ्या वेळात माव्याला मारत नाही, हेही तितकेच खरे. तिथे निरोगी रोपे, कडेने मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाट ओळी आणि रोगट झाडे वेळीच उपटणे हाच उपाय.

हस्तक्षेप करायचाच झाला तर हलका करा. कुंड्या आणि गुलाब असतील तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, खाली पडलेला मावा क्वचितच परत चढतो. शेतात मावा बहुधा कडेने किंवा चट्ट्याचट्ट्यांत असतो, तेवढाच भाग फवारा. निंबोळी अर्क तुलनेने सौम्य आहे, पण कोवळ्या अळ्यांना त्याचाही त्रास होतो, म्हणून तोही सरसकट नको. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड औषधे या दिवसांत कटाक्षाने टाळा. ती माव्याबरोबर त्याचा शत्रूही संपवतात, आणि मावा आठवड्यात परत उभा राहतो, ढालकिड्याला महिना लागतो. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी औषधे भुंगेऱ्याच्या अंगावर पडली नाहीत तरी विषारी मावा खाऊन तो मरू शकतो. नत्राचा जादा हप्ताही थांबवा, कारण लुसलुशीत शेंडा म्हणजे माव्याला आमंत्रण. शिवाय खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

फवारणीने मित्रकीटक मरून कीड पुन्हा उसळेल, ही भीती कागदावरची नाही. कॅलिफोर्नियातल्या संत्रावर्गीय बागा पांढऱ्या कापसासारख्या खवले किडीने बसायला आल्या होत्या. १८८८ साली अल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञांनी ऑस्ट्रेलियातून रोडोलिया नावाचे लहानसे ढालकिडे तिकडे पाठवले आणि दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. पुढे १९४०च्या दशकात त्या भागात डीडीटी फवारले गेले, रोडोलिया मेले आणि दबलेली कीड पुन्हा वर आली.

विकत आणून सोडावेत का, असेही विचारले जाते. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस वेळेवर सोडले तर उपयोग होतो. पण रानातून गोळा केलेले भुंगेरे आणून मोकळ्या शेतात सोडले तर त्यांतले बहुतेक दोन-चार दिवसांत उडून जातात. त्यापेक्षा आलेल्यांना टिकवणे स्वस्तात पडते. बांधावर धने, बडीशेप, मोहरी यांच्या दोन ओळी फुलू द्या. मावा नसेल त्या दिवसांत ते परागावर आणि मकरंदावर तग धरतात. कडेला चवळी असेल तर तिच्यावरच्या माव्यावर त्यांची पिढी आधीच वाढते. लसूणघास एकदम न कापता पट्ट्यापट्ट्याने कापा, म्हणजे त्यांना शेजारच्या पट्ट्यात सरकता येते. आणि पीक निघाले म्हणून बांध लगेच पेटवू नका.

लाट ओसरतानाचे दृश्य पाहून काहीजण घाबरतात. मावा संपला की अळ्या एकमेकींना आणि अंड्यांना खाऊ लागतात, भुंगेरे झुंडीने उडतात, घरात शिरतात, अंगावर बसतात, क्वचित चावतात. हे भुकेने होते, विषाने नाही. ब्रिटनमध्ये १९७६च्या उन्हाळ्यात याचे टोक गाठले गेले. सौम्य हिवाळ्यानंतर मावा भरमसाट वाढला, पाठोपाठ ढालकिडे वाढले, मग अवर्षणाने झाडे सुकली आणि मावा संपला. कोट्यवधी सात ठिपक्यांचे ढालकिडे समुद्रकिनाऱ्यांवर जमा झाले आणि ओलाव्यासाठी माणसांच्या घामेजल्या कातडीलाही चावू लागले.

घरात आलेल्यांना चिरडू नका. पायांच्या सांध्यांतून ते पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतात, त्याचे डाग भिंतीवरून सहज निघत नाहीत. मऊ झाडूने सुपलीत घेऊन बाहेर सोडा, खिडक्यांच्या फटी बुजवा. द्राक्षे उतरवताना घडात लपलेले भुंगेरे झटकून घ्या, कारण वाइनसाठीच्या द्राक्षांसोबत ते चिरडले गेले तर वाइनची चव बिघडते. युरोप-अमेरिकेत कीडनियंत्रणासाठी नेलेल्या आशियाई हार्मोनिया ढालकिड्याने हा उपद्रव चांगलाच दाखवला आहे. तिकडच्या स्थानिक ढालकिड्यांनाही तो खातो.

या दिवसांत एखादा भुंगेरा पानावर जागीच थरथरताना दिसेल आणि त्याच्या पायांमध्ये कापसासारखा छोटा कोष असेल. तो कोष त्याचा नाही. डायनोकॅम्पस नावाच्या बारीक गांधीलमाशीची अळी त्याच्या शरीरात वाढून बाहेर आली आहे आणि त्याच्याच पोटाखाली तिने कोष विणला आहे. लाट दाट झाली की असे भुंगेरे जास्त दिसतात. तो रोग समजून काही फवारू नका, तसाच राहू द्या.